सेटिंगभाऊ

हिंगोली जिल्ह्यात कॉम्प्युटर सहसा बिघडत नाही. त्याची सेटिंग हलते. ती जागेवर आणून देणारा एक माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच. वसमतचा वेगळा, कळमनुरीचा वेगळा, सेनगावचा आणि औंढ्याचा वेगळा. पण चौघांना एका रांगेत उभं केलं तर कोण कुठला हे त्यांच्या गिऱ्हाइकांनाही सांगता यायचं नाही. शाळेत त्याला ‘सर’ म्हणतात, आडतीवर ‘भाऊ’, तहसीलमध्ये ‘अरे, बोलवा त्याला’. आपण सेटिंगभाऊ म्हणू. पुढं जे लिहिलंय ते या सगळ्यांचं मिळून आहे, तेव्हा एकट्यानं कुणी अंगाला लावून घेऊ नये.

वय चाळिशीच्या पुढं, पण चाळिशी त्याला मंजूर नाही. गाडी स्प्लेंडर, तिच्या हँडलला नेहमी एखादा कीबोर्ड पिशवीत लोंबकळत असतो. पाठीवर सॅक. सॅकमध्ये टेस्टर, दोन-तीन पेचकस, रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश, लॅनच्या वायरीला जॅक दाबून बसवायची पक्कड, चार-सहा बटन सेल आणि शाळेतल्या पोरांचं असतं तसलं पांढरं खोडरबर. पेनड्राइव्ह मात्र सॅकमध्ये नसतो, तो किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला असतो. गाडीची किल्ली, घराची किल्ली आणि विंडोज, सगळं एकाच कडीत.

शिक्षणाचं विचारू नये. कुणी इंजिनेर म्हटलं तर तो नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही, चहाची बशी उचलतो. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा हा पोरगा टायपिंगच्या क्लासात मशीनच्या रिबिनी बदलत होता. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं. कार्यालयांमागोमाग कॉम्प्युटर आले आणि कॉम्प्युटरवर लगेच कव्हर आलं. ते कव्हर काढायची हिंमत साहेबाला नव्हती, बाबूला नव्हती आणि शिपायाला परवानगी नव्हती. ह्यानं काढलं. त्याचं सगळं करिअर त्या एका धाडसावर उभं आहे असं माझं मत आहे.

निम्मं काम तो फोनवरच उरकतो. एका ग्रामपंचायतीतून आलेला हा फोन मी शेजारी बसून ऐकलेला आहे.

“भाऊ, कॉम्प्युटर चालूच होईना.”

“लाईट हाय का?”

“हाव, फॅन फिरायलाय की.”

“गावाची नाही हो, डब्ब्याची. डब्ब्यावर लाईट लागली का?”

“निळी लागली.”

“मंग डब्बा चालू हाय. टीव्हीची कोणती लागली?”

“पिवळी. लुकलुक करायली.”

“टीव्हीच्या मागं निळ्या टोपणाची वायर असंल. तिला दोन्हीकून स्क्रू हायत. दाबून आवळा.”

मग मिनिटभर टेबल सरकल्याचा, काहीतरी पडल्याचा आणि कुणाला तरी ‘बाजूला हो की’ म्हटल्याचा आवाज. नंतर एकदम आरोळी, “आलं! भाऊ, आलं!”

“ठिवा.”

बस्स. टीव्ही म्हणजे मॉनिटर. त्याचा दिवा पिवळा होऊन लुकलुकतो तेव्हा तो बिघडलेला नसतो. चित्र कुठून येतंय याची वाट पाहत असतो. सकाळी झाडून काढताना टेबल दोन बोटं सरकतं, वायर ढिली होते आणि दुपारपर्यंत अख्खी ग्रामपंचायत ‘सिस्टीम बंद आहे’ म्हणून बसून असते. फोनवरच्या इलाजाचे तो पैसे घेत नाही. त्याचा दर गाडीला किक मारल्यापासून सुरू होतो.

प्रत्यक्ष आला की मात्र थाट निराळा. आल्या आल्या कॉम्प्युटरकडं बघायचंच नाही. आधी छताकडं, मग खिडकीकडं, मग बोर्डाकडं. “इथं पहिले कुणी हात लावला?” हा प्रश्न अशा आवाजात की लावलेला नसला तरी माणूस कबूल होतो. मग खुर्ची ओढून बसतो, माऊस धरतो आणि मोकळ्या जागी राइट क्लिक करून रिफ्रेश मारतो. एकदा नाही, पाच-सात वेळा, पटापटा. संध्येआधी आचमन असावं तसं हे रिफ्रेश. त्याशिवाय पुढचा कुठलाही विधी नाही. आता या रिफ्रेशनं कॉम्प्युटर रतीभरही जलद होत नाही. स्क्रीनवरची चित्रं पुन्हा एकदा मांडली जातात, एवढंच. हे भाऊला माहीत आहे. मी एकदा हटकलं तर म्हणाला, “आपुन बघायलाव असं दिसलं पायजे ना.”

त्यानंतर रिस्टार्ट. लोक हसतात की ह्याला रिस्टार्टशिवाय येतं काय. पण त्यात जे कळायला हवं ते त्याला कळलेलं आहे आणि हसणाऱ्यांना नाही. “मी तर रात्री बंद करून सकाळी चालू केला, तरी तसंच,” असं कारकून तक्रारीनं सांगतो. भाऊ रिस्टार्ट दाबतो आणि दोन मिनिटांत मशीन सुतासारखं सरळ. कारकुनाचा चेहरा बघण्यासारखा होतो. कारण असं आहे की २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ‘शट डाऊन’ म्हणजे पूर्ण बंद राहिलेलंच नाही. मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज आपल्या गाभ्याची आहे तशी स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच उचलून पुढं चालू करतं. कालचा गोंधळ सकाळी ताजा. ‘रिस्टार्ट’ दाबलं तरच ते सगळं टाकून कोऱ्या पाटीनं सुरुवात करतं. म्हणजे बंद करून चालू करणं आणि रिस्टार्ट करणं या दोन गोष्टी झाल्या. सेटिंगभाऊ हे कुणाला समजावत बसत नाही. “तुमच्या हातानं वेगळं होतंय, माझ्या हातानं वेगळं,” इतकंच म्हणतो, आणि खरं सांगायचं तर तेही चूक नाही.

मशीन चालूच न होता नुसतं टूं-टूं वाजू लागलं की खोडरबर बाहेर येतं. डब्ब्याचं पान उघडायचं, मेमरीची पट्टी दोन्ही बाजूंचे खिळगे सोडून अलगद उपसायची, तिचे खालचे सोनेरी दात खोडरबरानं एका दिशेनं पुसायचे, फुंकर मारायची नाही (तोंडातली वाफ लागते, इथं तो फार कडक आहे), आणि दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. खरं म्हणजे नुसती काढून नीट बसवली तरी पुष्कळदा भागतं. पण पट्टी काढून पुन्हा बसवण्याचे पैसे कोण देतो? पुसण्याचे देतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला, नांदेड-परभणीपर्यंत घरं हलली. त्या धक्क्यानं एका सोसायटीतला महिनाभर बंद असलेला पीसी आपोआप सुरू झाला, असं भाऊ शपथेवर सांगतो. “सैल पट्टी बसली जागेवर.” ही थाप असावी. पण शास्त्राला धरून असलेली थाप आहे.

त्याचं खरं राज्य बघायचं तर मार्च ते जून हळदीच्या आडतीवर जावं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात तर त्या दिवसांत पोत्यांच्या थप्प्यांमधून माणसाला वाट सापडत नाही. हळद ओतली, चाळली, भरली की जी बारीक पिवळी धूळ उठते ती आडत्याच्या धोतरावर, टोपीवर, वहीवर बसते आणि उरलेली सगळी कॉम्प्युटरचा पंखा आत ओढून घेतो. बाहेर बेचाळीस डिग्री, आत धुळीनं बुजलेला पंखा. मधल्या चिपचा जीव गुदमरला की जळून जाण्यापेक्षा मशीन स्वतःहून बंद पडतं. तशी सोयच केलेली असते. आडत्याला हे ठाऊक नसतं. त्याचं म्हणणं एवढंच असतं की “बरोबर हिशोबाची पट्टी काढायच्या टायमाला मरतंय, मुद्दाम.”

भाऊ डब्बा उचलून बाहेर ओट्यावर आणतो. पान उघडलं की आत सगळं पिवळंधमक. पंखा फिरू नये म्हणून एका बोटानं धरून ठेवतो आणि ब्रशानं झाडत जातो. पंखा मोकळा सोडून ब्लोअर मारला तर तो वाऱ्यानं उलटा गरगरतो आणि खराब होतो, हे तो आडतीवरच्या पोराला प्रत्येक वेळी सांगतो. पंख्याखालच्या जाळीत हळदीचा एक थर बसलेला असतो, तो बोटानं सोलून निघतो. चिपवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसायची, मुगाएवढी नवी लावायची, पंखा बसवायचा. अर्ध्या तासाचं काम. तोवर भाऊच्या कपाळापासून मनगटापर्यंत हळद. हमाल पोत्यावर टेकून विचारतात, “भाऊ, तारीख कवाची?” हा विनोद दर साली होतो आणि दर साली तो उत्तर देतो, “लेकरांना विचारून सांगतो.”

एकदा एका डब्ब्याच्या वीजपेटीतून वाळलेली पाल निघाली. मालक दचकून मागं सरकला, भाऊला मात्र भाव चढला. त्यानं ती कागदाच्या पुडीत बांधून चार दुकानांत दाखवली. मी त्याला सांगितलं की ९ सप्टेंबर १९४७ ला अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ नावाच्या खोलीभर गणकयंत्रात एक पतंग अडकला होता. तो तिथल्या लोकांनी चिकटपट्टीनं रोजवहीत चिकटवून ठेवला आणि ती वही आजही संग्रहालयात आहे. भाऊनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “पतंग काय, कोणालाबी घावंल. पाल काढून दावा म्हणावं.”

बटन सेलचा किस्सा त्याचा आवडता. बोटभर रुंदीचा, तीन व्होल्टचा, वर सीआर२०३२ लिहिलेला तो सेल कॉम्प्युटरच्या पोटात असतो आणि वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवतो. पाच-सात वर्षांनी तो संपतो. मग मशीन रोज सकाळी उठतं ते कुठल्या तरी जुन्या सालात. एका पतसंस्थेतला पीसी दररोज १ जानेवारी २००९ ला उठायचा. तेवढ्यानं काय बिघडलं, असं मॅनेजरला वाटत होतं, कारण त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडरही मागच्या वर्षाचंच होतं. पण इंटरनेटवरची एकही साइट उघडेना. जी उघडावी ती ‘असुरक्षित’ म्हणून लाल पाटी दाखवी. कंपनीला फोन झाले, राउटर बदलून झाला, व्हायरस आहे म्हणून एकदा विंडोज मारून झालं. भाऊनं खुर्चीत बसायच्या आधीच कोपऱ्यातली तारीख बघितली. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटर २००९ मध्ये बसलेला असला तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीनं अजून जन्माला आलेलं नसतं, म्हणून तो दार उघडत नाही. तारीख सुधारली, साइट उघडली, सेल बदलला. मॅनेजरनं विचारलं, “एवढंच होतं?” या दोन शब्दांची भाऊला जन्माची चीड आहे.

आणि त्या चिडीतून त्यानं जी विद्या कमावली आहे ती मला त्याच्या सगळ्या कसबापेक्षा मोठी वाटते. सोपा बिघाड सोपा होता हे तो गिऱ्हाइकाला कळू देत नाही. धंद्यासाठी, हे तर आहेच. दोनशे रुपये वायर खोचण्याचे कुणी देत नाही. पण नुसतं तेवढंच नाही, हे मी एका शाळेत पाहिलं.

शाळेचं नाव नको. शिक्षण विभागाला त्याच दिवशी कुठलीशी माहिती ऑनलाइन भरून द्यायची होती आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतला कॉम्प्युटर मेलेला. गुरुजी निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, सगळ्या पंचक्रोशीला शिकवलेलं, स्वतः भाऊलाही चौथीपर्यंत शिकवलेलं. सहा शिक्षक, दोन शिक्षिका, शिपाई आणि खिडकीला लोंबकळलेली सातवीची पोरं, असा सगळा दरबार जमलेला. गुरुजी सकाळपासून सांगत होते, “मदरबोर्ड गेलाय. मी सगळं तपासलं.” भाऊ आत आला, पाया पडला, टेबलाखाली वाकला. मी खिडकीजवळ होतो, मला दिसलं. डब्ब्याची मागची वायर अर्धवट बाहेर आलेली होती. खोचली की संपलं.

भाऊ सरळ झाला. वायरीला हातही लावला नाही. म्हणाला, “गुरुजी, तुमी म्हणता तसंच दिसायलंय. जरा वेळ लागंल. ही गर्दी कमी करा बरं, हीट होतंय मशीन.” गुरुजींनी सगळ्यांना बाहेर काढलं. “पाणी पाजता का?” म्हणून त्यानं गुरुजींनाही माठाकडं धाडलं. तेवढ्यात वाकून वायर खोचली. गुरुजी तांब्या घेऊन आले तेव्हा डब्ब्याचं पान उघडलेलं, पेचकस तोंडात, खोडरबर हातात. मग चांगली वीस मिनिटं त्यानं न बिघडलेली मेमरी पुसली. दार उघडलं, स्टाफ आत आला, बटन दाबलं, मशीन सुरू. “मदरबोर्डाचंच होतं,” त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “गुरुजींनी बरोबर वळखलं होतं. वेळेवर बोलवलं म्हणून वाचलं.” गुरुजी खाकरले आणि पोरांवर ओरडले, “पळा रे वर्गात!” पैसे विचारले तर भाऊनं कानाला हात लावला. आठ दिवसांनी त्याच शाळेतल्या एका तरण्या शिक्षकाचा कॅप्स लॉक दाबलेला राहून पासवर्ड घेत नव्हता, त्याच्याकडून मात्र त्यानं तीनशे घेतले. तो शिक्षक गुरुजींना मागून हसला होता म्हणे.

नेटवर्कच्या बाबतीत त्याची गाठ वस्तूपेक्षा घराशी पडते. आपल्याकडं राउटर आला की तो धुळीनं खराब होऊ नये म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल पडतो, आणि रुमाल वाऱ्यानं उडू नये म्हणून वर गणपती बसतो. खाली राउटर तापून रोज संध्याकाळी मान टाकतो. एका घरी पोरं मोबाईल बघतात म्हणून वडिलांनी राउटरच गोदरेजच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं, आणि तक्रार होती की रेंज कमी झाली. लोखंडाच्या पेटीतून लहरी कशा बाहेर येणार! भाऊ रुमाल काढतो, राउटर उंचावर मोकळ्यावर ठेवतो, वीज काढून तीस आकडे मोजतो आणि मग लावतो. लगेच लावली तर आतल्या कपॅसिटरमधला चार्ज पुरता उतरलेला नसतो, अर्धवट जागं राहतं ते. जाडजूड भिंतींचं जुनं घर असलं, आणि आमच्या हिंगोलीतल्या रिसाला, तोफखाना, पलटण या छावणीच्या काळातल्या मोहल्ल्यांत तशी अजून आहेत, तर तो ५ गिगाहर्ट्झ सोडून २.४ वर जोडून देतो; वेग कमी, पण भिंत ओलांडतो. राउटरवर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर मात्र तो सॅक उघडत नाही. “रस्त्याचं काम कुठं चालू हाय?” एवढंच विचारतो. जेसीबीनं फायबर तोडलेली असते, आणि जेसीबीला रिस्टार्ट मारून उपयोग नाही.

कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होतोय का, हे तो काळ्या खिडकीत आज्ञा लिहून बघतो. तसं असलं तर राउटरनं पत्ता दिलाच नाही आणि मशीननं आपल्या मनानंच एक घेतलाय, असा अर्थ. काळी खिडकी उघडली की सगळे गप्प होतात; म्हणून जरुरी नसली तरी तो ती उघडतो.

डब्ब्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार शाळाशाळांतून असते. तिसऱ्या पिनची वायर भिंतीत नुसतीच संपलेली असते, तिचं जमिनीशी नातं नसतं, मग वीजपेटीतला थोडासा प्रवाह पत्र्यावर रेंगाळतो. भाऊ अर्थिंगचा खड्डा शोधून काढतो. उन्हाळ्यात तो कोरडाठण्ण असतो. पोरांना सांगून ठेवतो, बाटलीतलं उरलेलं पाणी इथं ओतायचं. पुढच्या वर्षी जाऊन बघावं तर खड्ड्यावर कुणीतरी कढीपत्ता लावलेला. त्याचं म्हणणं, झाड जगलं तर अर्थिंग चांगली.

प्रिंटरचं फार लिहीत नाही. प्रिंटरवर प्रेमानं लिहिणारा माणूस अजून जन्मायचाय. कागद अडकला नसताना प्रिंट निघत नसेल तर रांगेत पहिला उभा असलेला कुठला तरी सडका दस्तऐवज बाकीच्यांना अडवून बसलेला असतो. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवायचा, स्पूलच्या फोल्डरमधलं सगळं पुसायचं, पुन्हा सुरू करायचं. मग सकाळपासून दाबलेल्या सदतीस प्रिंटांपैकी एकही निघत नाही, आणि तेच हवं असतं.

त्याचं सगळं कसब हरतं ते पीकविम्याच्या दिवसांत. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला आणि जुलैअखेर सेवा केंद्रांपुढं सगळा जिल्हा लोटला. सोयाबीनवाला, कापूसवाला. पोर्टल उघडतच नव्हतं. दिवसा चालत नाही म्हणून रात्री दोनला लोक सातबारा, पासबुक आणि चटई घेऊन बसलेले. केंद्रचालकानं भाऊला बोलावून घेतलं. त्यानं कंट्रोल-एफ५ मारून बघितलं, जुनं साठवलेलं पान फेकून नवं आणायला. इन्कॉग्निटो खिडकी उघडून बघितली. ब्राउझर बदलला. मोबाईलचं नेट जोडलं. फिरतं चक्र फिरतच राहिलं. लोक त्याच्या पाठीकडं टक लावून. शेवटी तो उठला, राउटर बंद केला, तीस मोजले, चालू केला. याचा काही उपयोग नाही हे त्याच्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय झालं रे?”

“बाबा, आपलं सगळं ओके हाय. वरचं बंद हाय.”

म्हाताऱ्यानं वर ढगांकडं बघितलं आणि मान हलवली. पाऊसही तेव्हा ओढच देत होता.

त्याच रात्री एका माऊलीचं बोट मशीन घेईना. साठ वर्षं कापूस वेचून आणि हळद काढून बोटांवरच्या रेघा गुळगुळीत झालेल्या. केंद्रातल्या पोरानं चार वेळा ‘जोरात दाबा’ म्हटलं. पाचव्यांदा ती रडकुंडीला आली. भाऊ म्हणाला, “माय, डोक्याच्या तेलावून बोट फिरव अन् हळूच ठेव. दाबू नको.” कोरड्या बोटाची रेघ काचेवर उमटत नाही, जरा ओलावा लागतो. हिरवी खूण आली. पोरटं बघत राहिलं. हे कुठल्याच पुस्तिकेत दिलेलं नाही.

आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टनं हात सोडल्यापासून भाऊला दम नाही. अकरा नंबर जुन्या मशीनवर चढत नाही, टीपीएम नावाची चिप लागते. आणि जिल्ह्यातली निम्मी मशीनं त्याला स्वतःच्या हातानं जोडलेली आठवतात. तो मशीन बदलायला सांगत नाही. “आधी एसएसडी टाका, मंग बघू,” म्हणतो. चकतीची हार्ड डिस्क काढून ती बसवली की दहा वर्षांचं मशीन तुरुतुरु पळतं, हे खरंच आहे. सुरक्षेचं काय, असं विचारलं तर म्हणतो, “तुमच्या कॉम्प्युटरात चोरायसारखं हाय काय? मोटरसायकलचे पाच फोटो अन् सुनेचा बायोडाटा.” हे उत्तर बरोबर नाही, मी त्याला तसं सांगितलंही. तो हसला आणि माझ्या लॅपटॉपवर पाच वेळा रिफ्रेश मारला.

सध्या त्याच्या डोक्यात लायगो आहे. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिला सव्वीसशे कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो मोजायचा, दूर कुठं दोन कृष्णविवरं आदळली की काय ते ओळखायला. भाऊला हे मी समजावलं. कृष्णविवरांत त्याला फार रस वाटला नाही. त्यानं विचारलं, अर्थिंग कुणी केलंय, आणि धुळीचं काय करणार, कारण मार्चनंतर वसमतकडून वारं सुटलं की हळद कुठंही पोचते.

मागच्या आठवड्यात तो स्प्लेंडरवर तिकडं जाऊन आला. आत कुणी सोडलं नाही. गेटावरच्या वॉचमनचा मोबाईल अडकत होता, व्हॉट्सअॅप उघडायला पाच मिनिटं लागत होती. भाऊनं बघितलं तर आत गुड मॉर्निंगचे हजारो फोटो, जागा शून्य. सगळे पुसले, मोबाईल रिस्टार्ट केला, आपलं कार्ड त्याच्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, शास्त्रज्ञ लोकं आले की नाव सांगा. किक मारली की पस्तीस मिनिटात पोचतो.